ओपीजी झाला, मग थ्रीडी स्कॅन कशाला?

वाचकाचं पत्र:

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी मानेवाड्याला राहतो, एसटीतून निवृत्त झालो, वय ६१. खालच्या जबड्यातल्या उजवीकडच्या मागच्या दोन दाढा चार वर्षांपूर्वी काढाव्या लागल्या. काढघालीची कवळी मला काही जमली नाही, म्हणून आता इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून वर पक्का दात, करायचं ठरवलं. आमच्या डॉक्टरांनी आधी ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक लांब एक्स-रे, काढायला लावला. तो पाहिला आणि आता म्हणून राहिले की रामदासपेठेत जाऊन सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, करून आणा. ओपीजीत तर सगळी बत्तिशी दिसते, मग पुन्हा हा खर्च काहून? शेजारी म्हणतात, सगळा कटचा, म्हणजे कमिशनचा, खेळ आहे. त्यांनी स्वतः मात्र मागच्या महिन्यात 'चेकअप' म्हणून अख्ख्या तोंडाचा थ्रीडी स्कॅन करून घेतला. बायकोला किरणांची भीती वाटते. तिच्या बहिणीला कॅन्सर झाला होता, तेव्हापासून एक्स-रेचं नाव काढलं तरी ती नको म्हणते.

वर डावीकडच्या एका दाढेचं रूट कॅनाल झालेलं आहे, एकदा पुन्हाही केलं, तरी चावताना दुखतेच. स्कॅन करतोच आहे तर तिचंही त्यातच उरकून घ्यावं का? आणि एक. नात १२ वर्षांची आहे. तिचा वरचा एक सुळा आलाच नाही. ब्रेसेसचे डॉक्टर तिलाही थ्रीडी स्कॅन सांगतात. एवढ्या लहान पोरीचा करावा का?

ता. क. वीस-बावीस वर्षं खर्रा खाल्ला. दोन वर्षांपासून बंद आहे.

– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

काकाजी, नमस्कार.

तुमच्या एका पत्रात तीन स्कॅन आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. इम्प्लांटसाठीचा करून घ्या. वरच्या दाढेचा कदाचित लागेल, पण त्याच फेरीत उरकायचा नाही. नातीच्या बाबतीत आधी तिच्या डॉक्टरांना दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सगळं सविस्तर सांगते, पण शेजाऱ्यांच्या 'कट'चं आधी बोलून घेऊ. तो किडा डोक्यात वळवळत असला की पुढचं काही कानात शिरत नाही.

कट आहे. नाही म्हटलं तर तुम्हीच मला हसाल. पण कुणी कट घेतो की नाही, यावरून तुम्हाला तपासणी लागते की नाही हे ठरत नाही. अगदी गरजेच्या तपासणीवरही कुणी पैसे खातो, आणि एक रुपयाही न घेणारा डॉक्टर निव्वळ सवयीनं नको ती तपासणी लिहून देतो. म्हणून मी पेशंटना एकच प्रश्न विचारायला सांगते: "डॉक्टर, या स्कॅनमध्ये काय दिसलं तर तुम्ही तुमचा बेत बदलाल?" ज्यानं विचार करून स्कॅन लिहिलाय तो या प्रश्नावर चिडत नाही. उलट खुर्ची पुढे ओढून तुमच्याच ओपीजीवर बोट ठेवून दाखवतो. "आजकाल सगळ्यांचाच करतो" किंवा "बघू, काय निघतं ते" असं उत्तर आलं, तर घरी जाऊन चहा प्या आणि दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

तुमच्या खालच्या दाढांच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर मीच देते, कारण ते पक्कं आहे.

साधा एक्स-रे म्हणजे सावली. पुढचं, मागचं, मधलं सगळं एकमेकांवर पडून एकाच पातळीत दिसतं. ओपीजीत यंत्र चेहऱ्याभोवती फिरतं आणि कमानीसारखा जबडा एका लांब पट्टीवर सपाट पसरवून दाखवतं. एका नजरेत सगळे दात, दोन्ही सांधे, हिरड्यांखालचं हाड दिसतं, आणि पहिली पाहणी म्हणून मला तो आजही आवडतो. पण त्यात आकार वीस-तीस टक्क्यांनी मोठा दिसू शकतो, आणि हा फुगवटा सगळीकडे सारखा नसतो. हनुवटी जरा वर-खाली झाली तरी बदलतो. हाडाची उंची अंदाजे मोजता येते. गालाच्या बाजूकडून जिभेच्या बाजूपर्यंत हाड किती रुंद आहे, ते मात्र ओपीजीत कळायला काही मार्गच नाही.

घरी सांबारवडी केली असेल तर काकूंना विचारा. वरून पाहून सारण कुठपर्यंत पोचलंय ते कळत नाही, वडी आडवी कापावी लागते. सीबीसीटी तुमचा जबडा असा आडवा कापून दाखवतो, हव्या त्या जागी, हव्या तितक्या चकत्या करून. यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारतं, शंकूच्या आकाराचा किरणांचा झोत सोडतं, शेकडो चित्रं घेतं, आणि संगणक ती जोडून जबड्याचा घन आकार उभा करतो. हे तंत्र तसं नवं आहे. इटलीत वेरोना इथं पिएरो मोझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दातांसाठीच्या अशा यंत्राबद्दलचा लेख छापला. जवळपास त्याच सुमारास जपानमध्ये योशिनोरी अराई यांचं कामही चाललं होतं. त्याआधी इम्प्लांट बसवणारे बहुतेक डॉक्टर ओपीजी, हिरडीवरून चाचपणं आणि अनुभव यांवर भिस्त ठेवायचे. बहुतेकदा जमायचंही. जिथं जमायचं नाही, तिथली गोष्ट पुढे सांगते.

तुमच्या दाढा काढून चार वर्षं झाली. दात काढला की त्या जागचं हाड झिजत जातं. पहिल्या वर्षातच त्याची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि रुंदी उंचीपेक्षा जास्त झिजते. त्यामुळे ओपीजीत तुमचं हाड भरपूर उंच दिसेल आणि प्रत्यक्षात ते वरच्या टोकाला सुरीच्या पात्यासारखं निघेल, असं होऊ शकतं. नेहमीचा ४ मिलिमीटर जाडीचा इम्प्लांट घातला तर त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण दीड-दीड मिलिमीटर हाड उरायला हवं. म्हणजे रुंदी ७ मिलिमीटरच्या आसपास लागते. ती पाचच निघाली तर बेत बदलतो: बारीक इम्प्लांट, नाहीतर आधी हाड वाढवायचं, नाहीतर इम्प्लांटचा विचारच सोडायचा.

दुसरी गोष्ट नसेची. खालच्या जबड्याच्या पोटातून एक बोगदा जातो. त्यात नस आणि रक्तवाहिन्या असतात. मागच्या दाढांच्या मुळांखालून तो पुढे येतो आणि उपदाढांजवळ हाडाबाहेर पडतो. स्कॅनच्या आडव्या चकतीत हा बोगदा पांढरट कडेचं एक लहानसं काळं वर्तुळ म्हणून दिसतो. चकती पुढे सरकवत नेली की ते वर्तुळ कधी जिभेच्या बाजूला, कधी गालाच्या बाजूला झुकत जातं. इम्प्लांटचं टोक आणि हे वर्तुळ यांच्यात निदान २ मिलिमीटर अंतर ठेवायचं, असा आमचा नेम. वर्तुळाच्या वर १४ मिलिमीटर हाड असेल तर १० मिलिमीटरचा इम्प्लांट निवांत बसतो. ओपीजीत तेच हाड १७-१८ मिलिमीटर दिसू शकतं, आणि त्या भरवशावर कुणी १३ मिलिमीटरचा घातला तर नसेच्या वर एकच मिलिमीटर उरतो. नस दुखावली तर त्या बाजूचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. तोंड वाकडं होत नाही, ती नस वेगळी. पण चहा ओघळतो तो कळत नाही, दाढी करताना कापलं तरी कळत नाही. काहींची संवेदना काही महिन्यांत परत येते, काहींची पूर्ण येत नाही.

तिसरी गोष्ट पेशंटला कुणी सांगत नाही, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. खालच्या मागच्या दाढांच्या खाली, जिभेच्या बाजूनं, हाडाला एक खोलगट भाग असतो. तिथं लाळेची एक ग्रंथी टेकलेली असते. काहींचा हा खोलगा अगदी उथळ असतो, काहींचा इतका खोल की दाताच्या सरळ रेषेत ड्रिल खाली नेलं तर ते जिभेखालच्या मऊ भागात बाहेर पडतं. तिथल्या रक्तवाहिनीला धक्का लागला तर जिभेखाली रक्त साठून सूज येते, जीभ वर ढकलली जाते आणि श्वास अडू शकतो. क्वचित होतं, पण झालं तर धावाधाव करून दवाखान्यात न्यावं लागतं. हा खोलगा किती खोल आहे, ते ओपीजीत कळत नाही. स्कॅनच्या चकतीत तो दिसला की डॉक्टर इम्प्लांटचा कोन थोडा बदलतात किंवा लांबी कमी करतात. संगणकावरच आधी इम्प्लांट बसवून बघतात, वर कॅप कुठं येणार ते पाहून खालची जागा ठरवतात.

तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी दोन मागच्या दाढांसाठी स्कॅन मागितला, यात मला काही काळंबेरं दिसत नाही. न मागता तारीख दिली असती तर मीच तुम्हाला थांबा म्हटलं असतं. स्कॅनवरून छापून बनवलेला गाइड, म्हणजे ड्रिल नेमक्या जागी न्यायचा साचा, तुम्हाला कुणी सुचवला तर तो सोयीचा असतो. पण दोन इम्प्लांटसाठी, अनुभवी हात असेल तर, तो हवाच असं नाही. तिथं पैशांची घासाघीस करायला हरकत नाही.

आता काकूंची भीती. हा भाग त्यांना वाचून दाखवा.

बहिणीचं आजारपण पाहिलेल्या माणसाला "काही होत नाही हो" म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. एक्स-रेच्या किरणांना शून्य धोका असतो, असं कुणीही शास्त्रशुद्ध सांगू शकत नाही. धोका किती, एवढंच मोजता येतं. जमिनीतून, आकाशातून, खाण्यातून, घराच्या भिंतींतून आपल्या सगळ्यांनाच रोज थोडी किरणं मिळत असतात. जगाची सरासरी वर्षाला साधारण २४०० मायक्रोसिव्हर्ट (हे किरणांचं माप), म्हणजे दिवसाला सहा-सात. एका दाताचा छोटा डिजिटल एक्स-रे यातल्या दिवसाभराच्या मापाचा किंवा त्याहून कमी असतो. ओपीजी दोन ते चार दिवसांचा. सीबीसीटीचा आकडा यंत्रावर आणि किती भाग घेतला यावर खूप बदलतो. लहान भागाचा असेल तर काही दहा मायक्रोसिव्हर्ट, मोठ्या भागाचा किंवा जास्त बारकाईचा असेल तर काहीशे. म्हणजे एखाद्या आठवड्यापासून महिना-दीड महिन्यापर्यंतची, किंवा कधी त्याहूनही जास्त, नैसर्गिक किरणं. दवाखान्यातला जबड्याचा नेहमीचा सीटी काढला तर तो बहुधा याच्या बराच वर, काहीशे ते हजारावर जातो.

यातून निघतं ते असं, की ६१ वर्षांच्या माणसाला शस्त्रक्रियेआधी एका जबड्याचा एक स्कॅन, हा धोका ओठ बधिर होण्याच्या किंवा जिभेखाली रक्त साठण्याच्या धोक्यापुढं फार लहान आहे. शेजाऱ्यांनी 'चेकअप'साठी केलेला अख्ख्या तोंडाचा स्कॅन मात्र मला मुळीच मंजूर नाही. दुखत काही नाही, बेत काही नाही, मग बदलणार काय? (काकूंना हेही सांगा: रोंटगेननं क्ष-किरण जाहीर केले आणि काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीत ऑटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्याच दातांचं चित्र घेतलं. त्यासाठी ते २५ मिनिटं किरणांखाली होते. आज एका दाताला सेकंदाचा लहानसा तुकडा पुरतो.)

वरच्या डाव्या दाढेकडे येऊ. 'त्यातच उरकून घ्यावं का' हा तुमचा प्रश्न हिशेबी माणसाचा आहे, पण उत्तर नाही असं आहे. स्कॅनचं चित्र बारीक-बारीक कणांचं बनलेलं असतं. कण जितका लहान तितकं चित्र बारकाईचं. यंत्रानुसार तो ०.०७५ ते ०.४ मिलिमीटरपर्यंत असतो. इम्प्लांटचं हाड मोजायला ०.२ मिलिमीटरचा कण पुरतो आणि आख्खा खालचा जबडा एका फेरीत येतो. रूट कॅनालमधली केसाएवढी नळी शोधायची तर सगळ्यात बारीक कण हवा, आणि तो मिळवायला स्कॅनचा भाग अगदी लहान, चार-पाच दातांपुरता ठेवावा लागतो. दोन्ही जबडे एका झटक्यात मोठ्या भागात घेतले तर किरणंही जास्त जातील आणि दाढेच्या डॉक्टरांना हवं तेही दिसणार नाही.

त्या दाढेचं काय असेल? वरच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या पुढच्या गालाकडच्या मुळात एकाऐवजी दोन नळ्या असणं ही नेहमीची गोष्ट आहे. अर्ध्याहून जास्त दाढांत ती दुसरी नळी सापडते. ती पहिल्या नळीच्या मागे, टाळूच्या बाजूला लपलेली असते, आणि साध्या एक्स-रेत दोघींची सावली एकमेकीवर पडते. रूट कॅनाल दोनदा करूनही दाढ दुखत असेल तर ती राहून गेलेली नळी हा पहिला संशयित. शिवाय मुळाच्या टोकाला हाड कुरतडलं गेलं तरी, बरंच हाड गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत ते दिसत नाही. थ्रीडीत लवकर दिसतं. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या, म्हणजे गालामागच्या हाडातल्या पोकळीच्या, तळाला टेकलेली असतात, त्यामुळे तिथलं अस्तर सुजलंय का तेही कळतं. डाव्या नाकपुडीतूनच घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. कान-नाक-घसावाल्यांकडे वर्षानुवर्षं फिरणारी कित्येक 'सर्दी' दाढेतून निघते.

पण इथं स्कॅनची एक मोठी अडचण आहे. रूट कॅनालमध्ये भरलेला मसाला आणि वरची धातूची कॅप यांच्यामुळे चित्रात काळ्या-पांढऱ्या रेघोट्या उठतात. मुळाला उभी भेग गेलीय का, हेच नेमकं आपल्याला कळून घ्यायचं असतं, आणि त्या रेघोट्यांत भेग लपते किंवा नसलेली दिसते. भेगेचा पुरावा बहुतेकदा आडून मिळतो: मुळाशेजारचं हाड विशिष्ट तऱ्हेनं गेलेलं असतं, किंवा हिरडीत बारीक सळई एकाच जागी खोल जाते. म्हणून आधी रूट कॅनालच्या तज्ज्ञांकडून दाढ तपासून घ्या. ते ठोकून बघतील, हिरडी मोजतील, दोन कोनांतून साधे एक्स-रे घेतील. दाढ वाचवण्याजोगी वाटली तरच लहान भागाचा स्कॅन. काढावीच लागणार असं हिरडी मोजतानाच कळलं, तर तो खर्च वाचला.

नातीची गोष्ट मला जरा जास्त सावधपणे सांगायची आहे. मुलांच्या वाढत्या पेशी किरणांना मोठ्यांपेक्षा नाजूक असतात आणि पुढचं सगळं आयुष्य बाकी असतं. त्याचबरोबर, वरचा सुळा अडकून राहणं ही दुर्लक्ष करायची गोष्ट नाही. अक्कलदाढेखालोखाल अडकणारा दात तोच. साधारण अकरा-बारा वर्षांच्या सुमारास तो यायला हवा, आणि वाट चुकला तर शेजारच्या दाताचं मूळ चघळून टाकू शकतो. तेही न दुखता.

तिच्या ब्रेसेसच्या डॉक्टरांना विचारा: हिरडीवरून बोट फिरवून पाहिलं का? गालाच्या बाजूनं हिरडीत सुळ्याचा फुगवटा हाताला लागला, तर तो वाटेवर आहे, थोडं थांबता येतं. दुधाचा सुळा अजून तिथंच आहे का? तो काढल्यावर आतला पक्का सुळा बऱ्याचदा आपोआप वळणावर येतो. आणि दोन साधे एक्स-रे थोड्या वेगळ्या कोनातून घेतले का? यंत्राची नळी ज्या बाजूला सरकवली, त्याच बाजूला सुळा सरकलेला दिसला तर तो टाळूकडे आहे, उलट सरकला तर ओठाकडे. हे जुनं तंत्र आहे, स्वस्त आहे, आणि बऱ्याच मुलांमध्ये एवढंच पुरतं.

हे सगळं करूनही सुळा शेजारच्या दाताच्या मुळावर चढलेला दिसत असेल, किंवा हिरडी उघडून त्याला साखळी लावून खाली ओढायचं ठरत असेल, तर मग स्कॅन जरूर करा. तेव्हा शस्त्रक्रिया टाळूकडून करायची की ओठाकडून, हे त्यावर ठरतं, आणि शेजारच्या दाताचं मूळ किती गेलंय त्यावर कोणता दात ठेवायचा तेही. फक्त सेंटरवर सांगा: वरच्या जबड्याचा पुढचा भागच घ्या, लहान मुलाच्या सेटिंगवर घ्या. ब्रेसेस सुरू करण्याआधी सरसकट सगळ्या मुलांच्या अख्ख्या चेहऱ्याचा स्कॅन काढायची जी पद्धत काही ठिकाणी पडलीय, ती मला आवडत नाही, आणि हे मी समव्यवसायिकांच्या तोंडावरही सांगते.

सेंटरला जायच्या दिवसाचं थोडं. डॉक्टरांची चिठ्ठी नीट वाचा. त्यावर 'सीबीसीटी' एवढंच नको, कुठला जबडा, कोणती बाजू, कशासाठी हेही हवं. दरही बऱ्याचदा भागाप्रमाणे बदलतो, म्हणून फोनवर तोच तपशील सांगून विचारा. अशा यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची मंजुरी लागते, ती बघायला मागितली तर चांगलं सेंटर दाखवतं. चष्मा, गळ्यातलं, कानातलं, काढघालीची कवळी असेल तर ती, सगळं आधी काढायचं. नात गेलीच तर तिच्या केसांच्या क्लिपा आणि कानातल्या बाळ्या काढा. मग हनुवटी टेकवून, प्लास्टिकची काडी दातांत धरून, कपाळाला पट्टा लावून उभं किंवा बसून राहायचं. यंत्र दहा ते तीस-चाळीस सेकंद फिरतं. तेवढ्यात गिळायचं नाही, डोळ्यांनी यंत्राचा पाठलाग करायचा नाही. डोकं थोडं जरी हललं तरी कडा दुहेरी येतात, आणि पुन्हा स्कॅन म्हणजे पुन्हा किरणं.

हातात काय घ्याल? चार छापील पानं किंवा व्हॉट्सॲपवर आलेले फोटो घेऊन परत येऊ नका. मूळ फाइली, ज्यांना डायकॉम म्हणतात, पेनड्राइव्हवर किंवा सीडीवर मागून घ्या. त्या तुमच्या आहेत. डॉक्टर बदलायची वेळ आली तर पुन्हा स्कॅन लागणार नाही. मुखरोग आणि क्ष-किरणशास्त्राच्या तज्ज्ञाचा लेखी रिपोर्टही मागा. स्कॅनमध्ये जे जे आलं ते सगळं कुणीतरी वाचायला हवं. इम्प्लांटची जागा बघणाऱ्याची नजर त्या जागेवरच असते आणि पलीकडची गाठ सुटून जाऊ शकते. रिपोर्टात हाडाची घनता सीटीसारख्या आकड्यांत दिली असेल तर त्यावर फार विसंबू नका. सीबीसीटीत ते आकडे यंत्रागणिक बदलतात. पैशांची ओढाताण असेल तर मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात जाऊन या. तिथं या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. स्कॅनची सोय, दर आणि रांग यांची चौकशी आधी तिथल्या खिडकीवर करा. तिथल्या शिक्षकांकडून दुसरं मतही मिळतं.

राहता राहिला तुमचा ताजा कलम. तुम्ही तो शेवटी लिहिलात, पण वाचताना माझी नजर सगळ्यात आधी तिथंच थांबली.

खर्रा सोडलात, हे फार चांगलं केलंत. मला माहीत आहे ते किती अवघड असतं. आपल्याकडे चौकाचौकांत पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटत बसलेली पोरं दिसतात आणि पन्नीचा तो वास आला की सोडलेल्या माणसाचाही हात खिशाकडे जातो. पण वीस वर्षांच्या सुपारीनं गालाच्या आतलं अस्तर कडक होऊन तोंड उघडणं कमी झालेलं असू शकतं, आणि सोडल्यावर ते आपोआप पूर्ववत होत नाही. हा कडकपणा, गालातला पांढरा चट्टा, जिभेच्या कडेची न भरणारी जखम, यातलं काहीही सीबीसीटीत दिसत नाही. त्यात हाड आणि दात दिसतात, मऊ भाग जवळजवळ दिसतच नाही. स्कॅनचा रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणजे तोंड नॉर्मल, असं समजू नका. ते डोळ्यांनी आणि बोटांनीच तपासावं लागतं, आणि शंका आली तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागतो. शिवाय मागच्या दाढांच्या इम्प्लांटसाठी तोंडात ड्रिलची मूठ आणि डॉक्टरांचा हात दोन्ही शिरायला हवेत. तोंड उघडत नसेल तर स्कॅनमध्ये हाड कितीही छान दिसो, तिथपर्यंत पोचता येत नाही. तंबाखूच्या सवयीनं इम्प्लांट हाडात धरायलाही त्रास होतो. बंद केलीत ती बंदच ठेवा, आणि साखर असेल तर तीही डॉक्टरांना सांगा.

आज रात्री आरशासमोर उभे राहा. उजव्या हाताची अंगठा सोडून पहिली तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघा. आरामात गेली तर उद्या सकाळी स्कॅनसाठी फोन लावा. दोनच गेली, किंवा गाल ताणून आग झाली, तर स्कॅन आणि इम्प्लांट दोन्ही पुढं ढकला, आणि आधी तोंडाची तपासणी करून घ्या.

– तुमची डॉक्टर